शेपटीची तांबडी फीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गात एक लहानसे प्रकरण उद्भवले. मधल्या सुटीत खिडकीची एक काच फुटली. ती कोणाच्या चेंडूने फुटली हे वर्गातील निदान दहा मुलांस ठाऊक होते. परंतु एकानेही तोंड उघडले नाही. शिपाईमामांनी खिडकीची कडी नीट लावली नसावी व वाऱ्याने दार आपटून काच फुटली असावी, असा समज पसरला. आणि ते बिचारे वृद्ध गृहस्थ दोन दिवस ज्याचे त्याचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेत होते. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगा मजकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, मी नाव सांगितले तर ती चहाडी होईल ना?"

मी त्यास तत्काळ उत्तर दिले नाही. सर विचार करीत आहेत असे त्यास वाटले असेल. खरे सांगावयाचे तर त्याचा प्रश्न ऐकताच मजला माझीच एक गोष्ट आठवली आणि मी मनातल्या मनात खजील झालो. त्यास मी जे सांगितले ते या लेखाच्या शेवटी येईलच. परंतु ते सांगण्याची बुद्धी मजला कोठून आली हे त्या दिवशी बोललो नव्हतो. वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ती राहिलेली गोष्ट येथे सांगून टाकावी असे ठरविले. गोष्ट घोड्यांची आहे, तेव्हा बालवाचकांस ती कंटाळवाणी होणार नाही अशी आशा आहे.

घोड्यांशी आमच्या घराण्याचा संबंध जुना, पण गरिबीचा. माझे आजोबा अहमदनगरच्या स्टेशनावर टांगा हाकीत. त्यांचा एक घोडा चावरा होता. वडील सांगत की, टांग्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक उतारूस आजोबा आधी बजावीत, "हे जनावर चावते हो. तोंडाकडून जाऊ नका." आजी म्हणे, "असे ओरडून सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या टांग्यात बसेल." त्यावर आजोबांचे उत्तर ठरलेले असे: "गिऱ्हाईक गेले तर चार आणे जातील. कोणाचे बोट गेले तर ते मी कोठून आणून देऊ?" ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे महत्त्व आम्हांस वाटेनासे झाले होते.

माझे थोरले चुलत बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतो, वीस वर्षांपासून नोकरीनिमित्त अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती असतात. आजोबांचा टांगा गेला, तरी घोड्याची आवड या नातवाच्या रक्तात उतरली असावी. कारण हाती चार पैसे येताच त्यांनी दोन अरबी घोडे पाळले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मजला अगत्याने बोलावून घेतले, आणि त्या मुक्कामातच त्यांच्यासोबत एका दीर्घ पल्ल्याच्या घोडदौडीस जाण्याचा योग आला.

ही क्रीडा आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पुण्यामुंबईस रेसकोर्सावर घोडे मैल-दीड मैल भरधाव धावतात व दोनचार मिनिटांत निकाल लागतो. ही दौड तशी नव्हे. येथे पल्ला पन्नास मैलांचा अथवा शंभर मैलांचा असतो, आणि वाट डोंगरांतून, ओढ्यांतून, कडेकपारीच्या पाऊलवाटांनी जाते. पन्नास मैलांस बारा तास व शंभर मैलांस चोवीस तास अशी मुदत असते. १९५५ साली वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थाने काही सोबत्यांसह सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गावापर्यंत शंभर मैलांची मजल एका दिवसात मारून दाखविली. तीच पुढे टेव्हिस कप या नावाने प्रसिद्धीस आली. १९७२ साली अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली, आणि शेवटास पोहोचणे हीच जीत, अशा अर्थाचे ब्रीद तिने स्वीकारले. घोडा धडधाकट ठेवून जो पोहोचला तो जिंकला. मग तो पहिला येवो की शेवटचा. पहिला आलेला घोडा तपासणीत पुढे जाण्यास अयोग्य ठरला तर त्याचे पहिलेपण व्यर्थ होय.

हा नियम काही उगाच झालेला नाही. १८९२ साली ऑस्ट्रियाच्या व जर्मनीच्या लष्करी अधिकाऱ्यांत व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन राजधान्यांमध्ये घोडदौड झाली. अंतर साडेतीनशे मैलांहून अधिक. विजेत्याने ते सुमारे एकाहत्तर तासांत काटले. परंतु त्या दौडीत कित्येक घोडे मेले, आणि खुद्द विजेत्याचा घोडाही वाचला नाही. घोडा हे जनावर असे आहे की स्वाराने मागितले तर ते आपल्या शक्तीपलीकडे देते आणि 'पुरे' असा शब्द काही त्यास उच्चारता येत नाही. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती आपण इतिहासात अभिमानाने वाचतो. त्यांपैकी किती तट्टे वाटेत पडली याची नोंद मात्र कोणत्याही बखरीत शोधावयास आपण जात नाही. आताच्या दौडीत ती नोंद करण्यासाठीच माणसे बसविलेली असतात, आणि त्या दिवशी त्यांपैकी एक मी होतो.

दौडीचे बहुतेक काम स्वयंसेवक करतात. मजला घोड्यावर बसता येत नाही. परंतु अक्षर बरे आहे, असे सांगून दादांनी मजला पशुवैद्याच्या शेजारी लेखनिक म्हणून बसविले. प्रत्येक घोड्याचे एक पत्रक असते. घोडा मुक्कामावर आला की प्रथम नाडी पाहतात. डाव्या कोपरामागे नळी लावून ठोके मोजतात. ते मिनिटास साठ अथवा चौसष्टांच्या आत, जी मर्यादा त्या दिवसासाठी ठरली असेल तिच्या आत, उतरल्यावाचून त्याचा विसावा मोजण्यास आरंभ होत नाही. मग पशुवैद्य हिरडी अंगठ्याने दाबून तिचा रंग किती लवकर परततो ते पाहतात. कातडीची चिमूट घेऊन ती सपाट होण्यास किती वेळ लागतो यावरून अंगातील पाण्याचा अदमास घेतात. पोटाच्या चारही भागांस नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. शेवटी घोड्यास दुडक्या चालीने नेऊन परत आणावयास सांगतात. तेवढ्यात लंगडणे असेल ते दिसते. या धावेच्या आरंभी व त्यानंतर एक मिनिटाने पुन्हा नाडी मोजतात. दुसरा आकडा पहिल्याहून चढला तर घोडा सावरत नाही असे समजावे. पशुवैद्य बोलत आणि मी लिही. माझ्या हातचे ते अक्षर म्हणजे त्या मुक्या जनावराचा जबाब होय, असे मजला वाटू लागले व त्याचा थोडासा अभिमानही झाला. तो किती पोकळ होता हे पुढे दिसेल.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. दौड शनिवारी पहाटे सहा वाजता सुटावयाची होती. आम्ही शुक्रवारी दुपारीच डोंगराच्या पायथ्याशी तळावर पोहोचलो. गवत पिवळे पडू लागले होते व ओकच्या झाडांखाली ठिकठिकाणी घोडे बांधलेले होते. दादांबरोबर त्यांची चौदा वर्षांची कन्या होती. ती एका वयस्क, शहाण्या घोड्यावर बसणार होती, आणि दादा आपल्या नव्या कुमैत घोडीवर. सोळा वर्षांखालील मुलांस एकट्याने दौडू देत नाहीत. कोणीतरी जबाबदार प्रौढ स्वार सतत सोबत लागतो. मुलीचे सोबती अर्थात दादाच. तिची ही पहिली पन्नास मैलांची दौड होती. त्यासाठी हिवाळ्यापासून दर शनिवारी पहाटे उठून तिने सराव केला होता.

संध्याकाळी व्यवस्थापिकाबाईंनी सर्व स्वारांस एकत्र करून सूचना दिल्या. त्यांतील एक मजला नवी वाटली. त्या म्हणाल्या, "ज्याचा घोडा लाथ मारतो त्याने त्याच्या शेपटीस तांबडी फीत बांधावी. फीत बांधलेल्यास कोणी हसणार नाही. परंतु न बांधता कोणास इजा झाली तर मी ऐकून घेणार नाही." घोडेस्वारांत ही खूण सर्वत्र मानली जाते. तांबडी फीत दिसली की मागचा स्वार अंतर राखतो. त्याचबरोबर त्यांनी हेही बजावले की, फीत बांधली म्हणजे स्वार मोकळा झाला असे नव्हे. घोडा ताब्यात ठेवण्याची जबाबदारी त्याचीच, आणि फीत नसली तरी पुढील घोड्यापासून निदान एका घोड्याइतके अंतर राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

सभा आटोपून आम्ही आपल्या घोड्यांकडे आलो. दादांनी खोगिराच्या पिशवीतून एक तांबडी फीत काढली, ती क्षणभर बोटांस गुंडाळली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. मी विचारले, "दादा, बांधत नाही का?"

ते म्हणाले, "अरे, घरी एकदोनदा झाडल्या होत्या तिने दुगाण्या. आता पुष्कळ सुधारली आहे. फीत बांधली की लोक तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. एकदा नाव पडले की पडले."

मुलगी घोड्यास खरारा करीत होती. तिने वर पाहिले, पण ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मी पाहुणा, वयाने धाकटा, घोड्यांतले मजला काय कळते, अशी तीन कारणे मी मनाशी जुळविली. तिन्ही खरी होती. तथापि माझ्या मौनाचे खरे कारण त्यांपैकी एकही नव्हते. दादांचा चेहरा उतरलेला मजला पाहावयाचा नव्हता, इतकेच.

शनिवारी पहाटे दौड सुटली. आरंभीची वेळ फार धोक्याची असते. गारव्याने घोडे उसळलेले असतात, कळपातील एक धावू लागला की सर्वांस धावावेसे वाटते, आणि गर्दीत मागचा घोडा पुठ्ठ्यास लागला की भित्रे जनावर प्रथम लाथेने बोलते. जाणता स्वार अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे मागे थांबतो, गर्दी जाऊ देतो, मग निघतो. घोडा लाथ मारण्यापूर्वी सूचना देतो. कान मागे चपटे होतात, शेपूट फटकारू लागते, मागील एक पाय हलका होतो आणि पुठ्ठा दुसऱ्याकडे वळू लागतो. त्या क्षणी स्वाराने लगाम ओढून घोड्याचे तोंड त्या दुसऱ्याकडे वळवावे, म्हणजे पुठ्ठा आपोआप दूर जातो. आणि वाट रुंद असेल तर बाजूस होऊन मागच्यास पुढे जाऊ द्यावे. हे सर्व दादांस माझ्यापेक्षा शतपटीने ठाऊक होते. त्यांनीच मजला ते शिकविले. त्या सकाळी ते थांबलेही.

पहिला वीस मैलांचा फेरा सुखरूप पार पडला. घोडीची नाडी दहा मिनिटांत उतरली. मी पत्रकावर उत्तम शेरे लिहिले आणि दादांनी मजकडे पाहून स्मित केले. आदल्या सायंकाळची फीत मी पार विसरून गेलो.

दुसरा फेरा पंधरा मैलांचा होता. साडेअकराच्या सुमारास तळावर एक मोटारगाडी आली व तीतून एका साठीच्या बाईंस दोघांनी हात देऊन उतरविले. त्यांच्या डाव्या पायास गुडघ्याखाली लाथ लागली होती. रिकिबीच्या लोखंडाने अर्धा आघात झेलला म्हणून हाड वाचले, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. परंतु नडगी काळीनिळी होऊन सुजली होती व पाय टेकवत नव्हता. डोंगरातील पाण्याच्या हौदापाशी अरुंद जागी हे घडले होते. त्यांच्या घोड्यास दुसऱ्या एका स्वयंसेवकाने चालवीत आणले. बाई खुर्चीवर बसून बर्फाची पिशवी पायावर धरीत पुनःपुन्हा म्हणत होत्या, "माझीच चूक. मीच फार जवळ गेले असेन. शेपटीस फीत नव्हती, पण म्हणून काय झाले? अंतर राखावयास नको होते का?"

त्यांचे ते शब्द ऐकताच माझ्या पोटात गोळा उठला. कोणाची घोडी, हे मजला कोणी सांगण्याची आवश्यकता राहिली नाही.

अर्ध्या तासाने दादा व मुलगी येऊन पोहोचली. व्यवस्थापिकाबाई आमच्याच टेबलापाशी त्यांची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "या घोडीने यापूर्वी कधी लाथ मारली होती काय?"

दादा म्हणाले, "नाही."

मी दोन हातांवर बसलो होतो. माझ्या हाती लेखणी होती व पुढे घोडीचे पत्रक. मी त्या पत्रकाकडे पाहत राहिलो. किती वेळ गेला असेल? चार ठोके, पाच ठोके. नाडी मोजण्याच्या कामामुळे मजला त्या दिवशी वेळ ठोक्यांत मोजण्याची सवय लागली होती. मग मुलीने डोक्यावरील शिरस्त्राण काढले आणि ती म्हणाली, "बाबा, मारली होती. गेल्या महिन्यात दोनदा. फीत पिशवीत आहे."

कोणी काही बोलेना. तेव्हा मी म्हणालो, "मलाही ठाऊक होते." इतके चार शब्द बोलावयास मजला चौदा वर्षांच्या मुलीच्या मागून जावे लागले.

व्यवस्थापिकाबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लाथ मारणे हा घोड्याचा अपराध नाही, कोणताही घोडा भ्यायला तर लाथ मारील. परंतु ठाऊक असून खूण न करणे व विचारल्यावर नाही म्हणणे, हे मला चालविता येणार नाही." त्यांनी घोडीस दौडीतून काढले. दौडणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या पुठ्ठ्यावर मेणखडूने क्रमांक लिहिलेला असतो. दादांनी ओले फडके घेतले आणि घोडीचा क्रमांक आपल्या हाताने पुसून टाकला.

परंतु याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तिचा विचार दादांस व मजला त्या क्षणी सुचला नव्हता, पण मुलीने, तिनेच मजला पुढे सांगितले, तोंड उघडण्यापूर्वी केला होता. सोबतीचा प्रौढ स्वार दौडीबाहेर गेला म्हणजे अल्पवयीन स्वारास पुढे जाता येत नाही. दुसरा कोणी प्रौढ सोबत घेण्यास तयार असेल तर नियमाची हरकत नसते. पण ही दोघे शेवटल्या फळीत होती, पुढील मंडळी केव्हाच तिसऱ्या फेऱ्यास निघून गेली होती, आणि मागे उरलेला एकमेव स्वार आपला लंगडणारा घोडा हाती धरून चालत आला. तिच्या म्हाताऱ्या घोड्याची नाडी उत्तम होती, हिरड्या गुलाबी होत्या, चाल निर्दोष होती. केवळ पंधरा मैल उरले होते. मी तिच्या पत्रकावर 'पुढे जात नाही' असे लिहिले. तो शेरा लिहिताना माझे अक्षर बिघडले.

सायंकाळी दादा त्या जखमी बाईंकडे गेले. मजलाही त्यांनी बरोबर घेतले. दादांनी काहीएक आडपडदा न ठेवता सर्व सांगितले व क्षमा मागितली. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय बरा होईल. पण मी सकाळपासून ठरवीत होते की आता वय झाले, आपल्याला अंतराचा अंदाज राहिला नाही, यापुढे घोड्यावर बसू नये. तुमची मुलगी बोलली नसती तर मी घरी जाऊन खोगीर विकून टाकले असते."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. दादांनी फीत पिशवीत ठेवली तेव्हा आपण घोडीची अब्रू राखीत आहोत असे त्यांस वाटले. मी गप्प बसलो तेव्हा आपण दादांची अब्रू राखीत आहोत असे मजला वाटले. परंतु आम्ही झाकलेला दोष नाहीसा झाला नव्हता. तो आमच्यापासून निघून एका निरपराध बाईच्या माथी जाऊन बसला होता, आणि ती तो आपलाच समजून वाहत होती.

येथे एक शंका कोणी काढील, की खेळातील नियमभंगाचा एवढा बाऊ कशास? म्हणून मोठ्या स्पर्धांतील दोन गोष्टी सांगतो. जगातील अश्वक्रीडांचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मार्च २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेस याच दीर्घ दौडीतील नियमभंग व घोड्यांची हेळसांड या कारणांवरून काही महिने निलंबित केले होते. धन, वैभव, उत्तम घोडे यांपैकी कशाचीही तेथे वाण नव्हती. दुसरी गोष्ट सप्टेंबर २०१८ मधील. अमेरिकेत ट्रायॉन येथे जागतिक स्पर्धा भरली होती. दीर्घ दौडीच्या आरंभीच काही स्वारांस चुकीची वाट दाखविली गेली. म्हणून दौड थांबवून अंतर कमी करून पुन्हा सुरू केली. आणि शेवटी उष्मा व दमटपणा यांमुळे घोड्यांस धोका आहे असे पाहून ती मध्येच रद्द केली. जगभरचे स्वार वर्षानुवर्षांची तयारी करून आले होते. त्यांची निराशा व संताप केवढा झाला असेल! एवढे करूनही एक घोडा दगावलाच. दौड चालू ठेवली असती तर आणखी किती गेले असते हे सांगता येत नाही. थांबविणाऱ्यास टाळ्या मिळत नाहीत; तरी कोणीतरी थांबवावे लागते, कारण घोडा आपण होऊन थांबत नाही.

नियमभंग दिसला असता काय करावे, याचीही तेथे एक रीत मी पाहिली व ती मजला पसंत पडली. चूक लहान असेल, जसे कोणी दुसऱ्याचा घोडा पाणी पीत असता हौदावरून धडाक्याने निघून गेला, तर प्रथम त्या स्वारासच सौम्य शब्दांत सांगतात. बहुधा तो अनभिज्ञ असतो व आभार मानतो. घोडा अनावर होऊन कोणाच्या जिवावर बेतत असेल तर मात्र विचारपूस करीत बसत नाहीत. मोठ्याने ओरडून सर्वांस सावध करतात, आपापले घोडे थांबवितात, आणि मग पंचाकडे जातात. पंचाकडे जाताना जे पाहिले तेवढेच सांगतात. ऐकीव गोष्ट मिसळीत नाहीत. आणि पाठीमागे कुजबुजत नाहीत. त्या स्वाराच्या समक्षच सांगतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मी त्यास म्हणालो होतो, "नाव मला सांगू नकोस. ज्याने काच फोडली त्याच्याकडे आधी तू जा, आणि शिपाईमामा दोन दिवस काय ऐकून घेत आहेत ते त्यास सांग. उद्यापर्यंत तो आला नाही तर तू त्यास बरोबर घेऊन ये. त्याच्या देखत बोल." चहाडी करणारा दुसऱ्यास बोलणी बसावीत म्हणून पाठीमागे बोलतो, आणि बहुधा त्यात त्याचा काही लाभ असतो. साक्ष देणारा कोणावरचा खोटा भार उतरावा म्हणून समोर बोलतो, आणि पुष्कळदा त्याचेच काही जाते. माझ्या पुतणीचे पंधरा मैल गेले. तिने वडिलांविषयी वाईट शब्द एकही काढला नाही. घरी परतताना गाडीत ती त्यांच्याच खांद्यावर डोके ठेवून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुले मजकडे न येता परस्पर शिपाईमामांकडे गेली. मामांनी त्यांस काय सांगितले हे मी विचारले नाही.

नोव्हेंबरात पुतणीचे पत्र आले. दादांनी पंचवीस मैलांच्या लहान दौडीत त्या घोडीस नेले होते. शेपटीस तांबडी फीत, तीही चांगली वीतभर रुंद. सर्व निघून गेल्यावर ती दोघे सुटली, हौदावर इतरांचे घोडे पाणी पिऊन जाईपर्यंत दूर उभी राहिली, आणि मुदत संपण्यास थोडाच अवधी असता पोहोचली. घोडीची नाडी छप्पन होती. पत्राच्या शेवटी पुतणीने लिहिले होते, "काका, बाबांची गंमत सांगते. फीत एवढी मोठी दिसत असूनसुद्धा वाटेत जो जो जवळ येई त्यास ते ओरडून सांगत होते, 'ही लाथ मारते हो, जपून!' मला हसू आवरेना. हे ते कोणाकडून शिकले असतील?"

तिला आमच्या आजोबांच्या टांग्याची गोष्ट कोणी सांगितलेली दिसत नाही. मी त्याच रात्री तिला उत्तर लिहावयास बसलो.